पोटरीतल्या दोन जावा

मीराबाईचा घोटा मोडला तो पाण्यापायी. ठाण्याजवळच्या दिव्यात हे सांगितलं तर कुणाला नवल वाटत नाही. एरवी पाणी भरायचं काम कुंडलिकरावांचं. कल्याणच्या घाऊक बाजारात एका वखारीत वजनकाट्यावर जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी हातात कळशी घेतली ती घेतलीच. पण त्या दिवशी त्यांना ताप भरलेला, खाली टँकरवाला भोंगा वाजवत होता, आणि मीराबाईला वाटलं, त्यात काय, आपण जाऊ. गेली. वर येताना ओल्या पायरीवरून उजवा पाय असा काही सटकला की कळशी वाजत वाजत तळमजल्याला गेली आणि मीराबाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसून राहिली. पाय बघून तिला रडू आलं नाही. रडू आलं ते सांडलेल्या पाण्याकडे बघून.

मुलगा रत्नदीप तिला उचलून ठाण्याला, बाळकुमला घेऊन गेला. तिथे त्याचा फ्लॅट, एकोणिसाव्या मजल्यावर, लिफ्ट अशी की कानात दडे बसावेत. सून वैशाली नोकरीवाली, पण जीव लावणारी. सासूचं प्लास्टर भिजू नये म्हणून आंघोळीच्या वेळी पिशवी बांधण्यापासून सगळं केलं पोरीने. खोटं कशाला बोला, काही म्हणता काही कमी नव्हतं. कुंडलिकराव मात्र दिव्यालाच राहिले. खोली बंद ठेवली आणि पाण्याची पाळी चुकली तर पुन्हा नंबर कोण लावणार? ते रोज सकाळी फोन करायचे.

"पाणी आलं," ते सांगायचे.

"किती आलं?"

"आलं बऱ्यापैकी. पाय?"

"आहे जागेवर."

झालं बोलणं. चाळीस वर्षांच्या संसारात याहून जास्त त्यांना कधी लागलं नव्हतं.

प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी रत्नदीपने विषय काढला. "आई, आता तो तिसरा मजला बस झाला. बाबांनाही इकडे घेऊन येऊ. खोलीला भाडेकरू बघून ठेवलाय मी, आपल्यातलाच आहे, चांगला माणूस आहे."

मीराबाईच्या हातातला घास हातातच राहिला. "मला विचारलंस?"

"विचारतोय ना आता."

"हे विचारणं नाही रे. हे सांगणं झालं."

आता त्या खोलीत होतं काय? तर एक खिडकी, एक मोरी, बाबासाहेबांचा फोटो आणि मीराबाईची शिलाईची पायमशीन. पण त्या खोलीआधी मीराबाईने कल्याणमध्ये किती भाड्याची घरं बदलली ते तिलाच ठाऊक. प्रत्येक वेळी मशीनचं डोकं तिने स्वतः चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन नेलेलं. या खोलीच्या दारात उभं राहून मात्र कुणाची छाती झाली नव्हती "खाली करा" म्हणायची. तिथे ती मीराबाई होती. ब्लाऊज मीराबाईंकडेच टाका, असं बायका एकमेकींना सांगायच्या. इथे एकोणिसाव्या मजल्यावर ती रत्नदीपची आई होती, आणि खालच्या वॉचमनला तेही माहीत नव्हतं.

खूप तणतण झाली. शेवटी वैशालीने मधला मार्ग काढला. बुद्धपौर्णिमेपर्यंत थांबायचं. व्यायाम शिकवणाऱ्या दीप्ती मॅडम बोलल्या की पाय तीन मजल्यांच्या लायकीचा झालाय, तर आई दिव्याला जाणार आणि रत्नदीप पुन्हा विषय काढणार नाही. नाही बोलल्या, तर भाडेकरू येणार.

"कबूल?" वैशालीने विचारलं.

"कबूल," मीराबाई म्हणाली. मनात म्हणाली, बघतेच आता.

दीप्ती मॅडम म्हणजे बाळकुम नाक्याजवळ एका गाळ्यात बसणारी तिशीतली फिजिओथेरपिस्ट. बोलणं गोड, पण डोळा असा की काही सुटायचं नाही. तिने पहिल्याच दिवशी साधं सांगितलं. ओट्याला धरून ताठ उभं राहायचं, गुडघे सरळ, आणि दोन्ही टाचा वर उचलायच्या. हळू वर, त्याहून हळू खाली. सकाळ-संध्याकाळ, झेपेल तितकं. आणि चालायचं.

मीराबाई ऐकून घेऊन घरी आली आणि हसायला लागली. टाच वर, टाच खाली? अगं बाई, हे तर मी लग्न झाल्यापासून करतेय! पायडल मारताना दुसरं काय होतं? तिने रत्नदीपच्या मागे लागून मशीन टेम्पोतून बाळकुमला आणवली. गॅलरीजवळ मांडली, पट्टा घट्ट केला, तेल घातलं आणि बसली. पहिल्या दिवशी घोटा कुरकुरला, दुसऱ्या दिवशी कमी, आठवड्याभरात पाय असा चालायला लागला की वैशालीच्या ऑफिसातल्या बायकांची ब्लाऊज येऊन पडली. ओट्याला धरून उभं राहायला तिला कंटाळा यायचा. एक तर पायात कळ यायची, आणि दुसरं म्हणजे रिकाम्या हाताने नुसतं वर-खाली करणं तिला वेड्यासारखं वाटायचं. त्यापेक्षा बसून काम होतंय, पायही होतोय, दोन्ही साधतंय.

दीप्ती फोनवर विचारायची, "आजी, व्यायाम चालू आहे ना?"

"चालू म्हणजे काय, दिवसभर चालू आहे."

आणि हे ती अगदी मनापासून सांगत होती. चुकत होती ते तिला कुठे ठाऊक होतं!

पौर्णिमेला महिना उरलेला असताना दीप्तीने तपासायला बोलावलं. रत्नदीप सोबत होता. मीराबाई ऐटीत गेली. ठेवणीतली हिरवी साडी नेसून गेलेली, म्हणजे बघा. दीप्तीने तिला खुर्चीवर बसवलं, गुडघ्यावर हाताने दाब देऊन म्हणाली, टाच उचला. मीराबाईने सटकन उचलली.

"अरे वा," दीप्ती म्हणाली. "छान आहे की. आता उभ्या राहा. गुडघे सरळ. दोन्ही टाचा."

डावी टाच उठली. उजवी थोडी हलली आणि जागीच राहिली. मीराबाईने श्वास घेतला, भिंतीला हात लावला, पुन्हा जोर केला. गुडघा आपोआप वाकायला लागला.

"गुडघा नाही वाकवायचा, आजी."

"मी नाही वाकवत गं, तोच वाकतोय."

तिसऱ्यांदा तर पाय थरथरला. कपाळावर घाम आला. रत्नदीपने पुढे होऊन दंडाला धरलं तर तिने हात झिडकारला. तिला काही कळेना. आत्ता खुर्चीत बसून उचललेली टाच तीच, पाय तोच, मग उभं राहिल्यावर अंगात शिरलं काय?

दीप्तीने विचारलं, "रोज कसा करता व्यायाम, मला नीट सांगा बघू."

मीराबाईने सांगितलं. मशीनचं, पायडलचं, ब्लाऊजचं, सगळं. दीप्तीने मधे एकदाही तोडलं नाही. मग तिने मीराबाईला पुन्हा बसवलं, तिचाच हात तिच्या पोटरीवर ठेवला.

"आता टाच उचला. वरचा हा गोळा दाबून बघा."

"मऊ आहे."

"आता उभ्या राहा, डाव्या पायावर बघा."

मीराबाई उभी राहिली, डावी टाच उचलली. हाताखाली वरचा गोळा एकदम कडक झाला.

"अगंबाई."

"पोटरीत एक स्नायू नसतो, आजी," दीप्ती म्हणाली. "दोन मोठे असतात, एकावर एक. वरचा दिसतो तो, गोळ्यासारखा. तो गुडघ्याच्या वरून निघतो. आतला चपटा, तो गुडघ्याच्या खालून निघतो. दोघं खाली येऊन टाचेच्या एकाच दोरीला बांधलेले. आता तुम्ही गुडघा वाकवून बसलात, की वरच्याची ओढ सैल पडते. झोळी सैल पडावी तशी. मग टाच उचलायचं जवळजवळ सगळं काम आतल्यावर येतं. गुडघा सरळ केला, की वरचाही ताणला जातो आणि कामाला लागतो. एका घरातल्या दोन जावा समजा, वरची थोरली, आतली धाकटी. बसल्या कामाला धाकटी, उभ्या कामाला दोघी. तुम्ही धाकटीकडून राबराब राबवून घेतलं. तेही हलकं काम. मशीनचं चाक एकदा फिरायला लागलं की निम्मं तेच ओढतं. आणि थोरली प्लास्टरात झोपली ती अजून झोपलीय."

 मीराबाईच्या पर्समध्ये मापाची टेप असायचीच. तिने ती काढली, डावी पोटरी मोजली, उजवी मोजली. दुसऱ्यांचे दंड, छाती, कंबर मोजण्यात आयुष्य गेलेलं. स्वतःच्या पायाला टेप पहिल्यांदाच लावलेली. इंचाचा फरक होता. एवढ्या फरकाने तिने गिऱ्हाइकाचं ब्लाऊज उसवून पुन्हा शिवून दिलं असतं.

"बघितलंस ना आई?" रत्नदीप म्हणाला. रागाने नाही, मऊपणे म्हणाला, आणि त्यानेच तिला जास्त लागलं. "मी त्या माणसाला कळवून टाकतो."

"पौर्णिमेपर्यंत बोललायस तू."

"अगं, पण…"

"पौर्णिमा उद्या आहे का?"

दीप्तीने दोघांकडे बघितलं. "महिना आहे. महिन्यात थोरली उठेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण उठवायला लागलो तर कळेल तरी." मग मीराबाईला विचारलं, "पाय मोडायच्या आधी चालणं किती होतं तुमचं?"

"चालू कशाला? गिऱ्हाईक वर येतं. भाजी हे आणतात. अस्तर, बटणं, धागा, सगळं हेच आणतात."

"मग घराबाहेर कधी पडायचात?"

मीराबाईने आठवायला सुरुवात केली. चौदा एप्रिलला. कुणाच्या लग्नाला. मयताला. पुढे काही आठवेना. तिला एकदम लाज वाटली, आणि कशाची ते तिचं तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवसापासून मशीनवर चादर टाकली. वैशालीच्या मैत्रिणींना निरोप गेला, उशीर होईल. मीराबाई ओट्याला धरून उभी राहायला लागली. पण ओट्यासमोर फरशा, फरशांवर काही नाही. माणूस किती वेळ फरशांकडे बघणार? चार दिवसांत तिला तिटकारा आला. मग तिने इमारतीचा जिना शोधून काढला. एवढी मोठी इमारत, आणि जिन्यात चिटपाखरू नाही. सगळे लिफ्टने. आगबिग लागली तरच लोकांना जिना आठवेल अशी तऱ्हा. ती लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर उतरायची आणि तिथून जिन्यात शिरायची, कारण पडलोच तर फार खाली जाणार नाही, हा हिशेब.

तिथे तिला सगुणा भेटली.

सगुणा सत्तरीची, काळीसावळी, काटक. वळणावरच्या जाळीच्या खिडकीपाशी पाठमोरी उभी, दोन्ही हात खिडकीच्या अरुंद कठड्यावर, आणि टाचा चक्क अधांतरी. खिडकी उंच होती. बाहेर बघायचं तर चवड्यांवर उभं राहण्यावाचून इलाज नव्हता. मीराबाई तिच्या पोटऱ्यांकडे बघतच राहिली. अशा पोटऱ्या तिने कबड्डीच्या पोरांच्या बघितल्या होत्या.

"काय बघतेस गो बाय?" सगुणा मागे न वळता म्हणाली.

"तुमचे पाय."

"पायांत काय हाय बघण्यासारखा? इकरं ये, खारी बघ."

मीराबाई शेजारी उभी राहिली. खिडकी नाकापर्यंत आली. खाडी काही दिसली नाही, दिसलं ते फक्त उन्हाळी आभाळ.

"मना दिसते," सगुणा म्हणाली. "पुलाच्या पल्याड, झारांच्या मागं. तिकरं आमचा मिठागर व्हता. आणि ही बिल्डिंग हाय ना, ही आमच्या भातावर उभी हाय."

तिच्या मुलाने जमीन दिली, बदल्यात घरं घेतली. सगुणाला दुसऱ्या मजल्यावरचं मिळालं. तिला लिफ्टमध्ये गुदमरायचं. ती रोज जिन्याने खाली जायची, वर यायची, आणि या खिडकीपाशी थांबायची. लहानपणापासून मिठाच्या कोंड्या, म्हणजे वाफे, पायांनी तुडवून घट्ट करायच्या, मग डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून चालायचं. उभ्याने, कायम उभ्याने. मीराबाईने तिला दोन जावांची गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी हसली की जिना दुमदुमला.

"माझी मोठी जाव अशीच व्हती गो! कुणी बघायला असला तं काम करायची. नायतर झोपून. पण मोठा हंडा उचलायचा तं तीच पायजे."

"माझी अजून झोपलीय."

"मग उठव ना तिला. माझ्या खांद्याला धर. हां. आता वर व्हय."

मीराबाई वर झाली नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिला पोटरीच्या वरच्या भागात काहीतरी जळल्यासारखं झालं. दीप्तीने सांगितलेलं, तिथे दुखलं तर घाबरायचं नाही, तिथेच दुखायला हवंय.

त्यानंतर रोजचंच झालं. सकाळची कामं आटपली की मीराबाई दुसऱ्या मजल्यावर. सगुणा तिच्या शेजारी उभी राहायची आणि उगाच वर-खाली व्हायची, सोबत म्हणून. गुडघा वाकला की खांद्यावर चापट मारायची. मध्ये बोलणं चालायचं. मुलांचं, सुनांचं, सुक्या बोंबलाच्या वासावरून सोसायटीत झालेल्या भांडणाचं. मीराबाईला आयुष्यात मैत्रीण अशी झालेली नव्हती. बायका यायच्या, माप द्यायच्या, मन मोकळं करायच्या आणि जायच्या. तिने कुणापाशी काही बोलावं असं कुणाच्या ध्यानात यायचं नाही, तिच्याही नाही. इथे पहिल्यांदाच ती बोलत होती, आणि उभ्याने बोलत होती.

एकदा सगुणा तिच्यासोबत वर आली. मशीनवरची चादर उचलून म्हणाली, "मना पण चालवून बघू दे."

बसली. पाय ठेवला आणि दिला जोर. चाक उलटं फिरलं, दोरा गुंतला, सुई थांबली. पुन्हा जोर. पुन्हा उलटं. सगुणा पायडलवर अशी तुडवातुडवी करायला लागली की मीराबाईने डोक्याला हात लावला.

"अहो, मीठ नाही तुडवायचं! हळू. टाच, चवडा, टाच, चवडा."

"माझा पाय ऐकतच नाय गो."

थोड्या वेळाने शिवण पडली, चार बोटं लांब, वाकडीतिकडी. सगुणाने पाय खाली घेतला आणि पोटरी चोळत म्हणाली, "खालती दुखते बघ. एवरा चालून कधी दुखला नाय." मग तिने मीराबाईच्या पायाकडे बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाली, "तुझी धाकटी लय भारी हाय. तिला नावा नको ठेवूस."

मीराबाईला भरून आलं. गेले कितीतरी दिवस तिला वाटत होतं की आपण बसून काढलेलं सगळं आयुष्यच वाया गेलं, पाय वाया घालवला. तसं नव्हतं. त्या पायाने पोराला शिकवलं होतं, खोली उभी केली होती. थोरलीला तेवढी कुणी हाक मारली नव्हती.

पौर्णिमेला आठवडा उरला असताना तिला खाडी दिसली. पुलाच्या पलीकडे करड्या पाण्याची पट्टी आणि तिवरांची हिरवी ओळ. फार काही नव्हतं. ती लगेच खाली आली, पण दिसलं होतं.

"दिसला?" सगुणाने विचारलं.

"दिसलं."

"मग आता जाशील तू," सगुणा म्हणाली आणि कठड्यावरची धूळ हाताने पुसत राहिली.

मीराबाईलाही ते एकदम टोचलं. ज्यासाठी धडपड चालली होती ते जवळ आलं आणि त्याचं दुसरं टोक हे असं. ती म्हणाली, "जाणार. पण दिवा काही विलायतेत नाही."

दीप्तीने तपासलं तेव्हा रत्नदीप दाराशी हाताची घडी घालून उभा होता. दोन्ही टाचा उठल्या. उजवी एकटी, भिंतीला बोटं लावून, अर्धी उठली आणि थरथरत टिकली. दीप्तीने पोटरीचा वरचा गोळा दाबून बघितला. "उठलीय," ती म्हणाली. "पूर्ण नाही. कठडा धरून तीन मजले चढतील. उतरताना सावकाश. पाणी मात्र उचलायचं नाही सध्या. आणि आजी, पुन्हा बसून राहिलात तर ती पुन्हा झोपेल. रोज खाली उतरायचं. कामाशिवाय उतरायचं. हे औषध समजा."

 रिक्षात बसल्यावर रत्नदीपने त्या भाडेकरूला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. मग बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मीराबाईला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटलं, पण पोराचा चेहरा बघून पुरतं नाही.

पौर्णिमेला सकाळी वंदना झाली, खीर झाली आणि रत्नदीप तिला रिक्षाने दिव्याला घेऊन निघाला. मशीन आदल्या दिवशीच टेम्पोने गेलेली. गल्लीत शिरल्यावर त्याने रिक्षा लांबच सोडली, पुढे खणून ठेवलेलं. मीराबाई चालत गेली. जिन्याशी आल्यावर त्याने हात पुढे केला.

"मागे ये," ती म्हणाली. "पडले तर धर. तोवर नको."

पहिला मजला सोपा गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे ती पडली होती तिथे, ती थांबली. दम लागला म्हणून नाही. भीती वाटली म्हणून. मागे रत्नदीपचा श्वास ऐकू येत होता. त्यालाही भीती वाटत असणार, हे तिला तेव्हा कळलं. इतके दिवस तो तिच्याशी भांडत होता असं तिला वाटलेलं, पण तो या पायरीशी भांडत होता. तिने कठडा धरला, उजवा पाय वर ठेवला आणि त्याच पायावर अंग उचललं. मग पुढची. मग पुढची.

कुंडलिकराव दार उघडून उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा. "पाणी आलंय," ते म्हणाले.

"किती?"

"पिंपभर," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि चहा ठेवायला आत गेले. पण त्यांचे डोळे भरलेले तिने बघितलेच.

चहा झाला. रत्नदीपने खोलीभर नजर फिरवली, मोरीचा नळ घट्ट केला, एक बल्ब बदलला. मग उभा राहिला. "चला, निघतो. बाबा, हिला पाणी उचलू देऊ नका. आई, तुझं घर तुला लखलाभ."

तो हसत म्हणाला, पण बोलण्यात टोक होतं. चपला घालून तो वळणापर्यंत पोचतो न पोचतो तोच त्याला मागे आवाज आला. मीराबाई दाराबाहेर उभी होती, पायात चपला, एक हात कठड्यावर.

"कुठे चाललीस?"

"तुला सोडायला."

"आत्ता तर चढलीस! उद्या उतर हवं तर."

"उद्या तू इथे नसणार."

तो पुढे, ती मागे. आता तो पाठमोरा उतरत होता, तिच्याकडे तोंड करून, एकेक पायरी बघत. उतरताना पोटरी ताणली जात होती, वरची जळत होती.  खाली पोचली तेव्हा पाय लटपटत होते आणि ब्लाऊज पाठीला चिकटलं होतं. फाटकाशी थांबायचं तर ती थांबली नाही, नाक्यापर्यंत त्याच्यासोबत गेली.

नाक्यावर रत्नदीप तिच्याकडे बघत उभा राहिला. चाळिशीला आलेला माणूस, पण ओठ पोरासारखे हलले.

"आई, तू कधी सोडायला आली नाहीस," तो म्हणाला. "शाळेच्या पहिल्या दिवशी नाही, नोकरीला लागलो तेव्हा नाही. लग्न होऊन तिकडे राहायला गेलो तेव्हाही तू म्हणालीस, दार ओढून घे."

मीराबाईला उत्तर होतं. ते तिने इतकी वर्षं तयार ठेवलेलं. "मी मशीनवरून उठले असते तर तू शिकला नसतास रे."

"माहीत आहे. म्हणून तर कधी बोललो नाही."

तिने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "एकदा तरी उठायला हवं होतं."

समोर रिक्षा येऊन थांबली. "जायचं का, भाऊ?" रिक्षावाल्याने विचारलं. रत्नदीपने मान हलवून नको म्हटलं आणि ती जाऊ दिली. मागून दुसरी आली. तीही त्याने जाऊ दिली.